सेल्फ फिरतो, पण गाडी चालू होत नाही

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळा असा असतो की, अंगणात उभ्या असलेल्या पंधरा-वीस वर्षांच्या पेट्रोल गाडीच्या बॉनेटखाली महिनोन्महिने ओल टिकून राहते. अशा गाडीचा सेल्फ एखाद्या सकाळी जोमाने फिरतो, पण इंजिन चालू होत नाही. गाडीतले दोष वाचणाऱ्या स्कॅनरच्या पडद्यावर ‘पी०३३५’ हा कोड उमटतो आणि क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याची स्थिती कळवणारा सेन्सर, बदलायचे लगेच ठरते. ही घाई मालकाला महागात पडते, कारण त्या कोडचा अर्थ ‘क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष’ एवढाच असतो. सर्किटमध्ये सेन्सरबरोबरच तारा, कपलर (तारांचा जोड), अर्थिंग आणि ईसीयूपर्यंतची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकापर्यंतची, सगळी जोडणी येते.

पेट्रोल कधी फवारायचे आणि ठिणगी कधी पाडायची हे ईसीयू ठरवतो, आणि त्यासाठी क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा, त्या क्षणी नेमका कोणत्या स्थितीत आहे हे त्याला कळावे लागते. अनेक इंजिनांत क्रँकशाफ्टबरोबर फिरणाऱ्या चाकावर ६० दात्यांची जागा आखून २ दाते मुद्दाम वगळलेले असतात. उरलेले ५८ दाते चुंबकीय सेन्सरसमोरून जाताना विजेच्या लहरी निर्माण करतात आणि मोकळ्या जागेपाशी त्यांची लय तुटते. ही तूट हीच ईसीयूची खूण. लहरीच पोहोचल्या नाहीत, तर बहुतेक गाड्यांत ठिणगीही पडत नाही आणि पेट्रोलही फवारले जात नाही.

सेन्सरकडे वळण्यापूर्वी बॅटरी तपासावी. विसावलेल्या, पूर्ण चार्ज बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली जात असतील, तर पुढची सगळी मोजमापे फसवी ठरू शकतात. चावी फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागलाच नाही, तर आधी ईसीयूचा फ्यूज आणि रिले पाहावा.

त्यानंतर चावी बंद करून क्रँक सेन्सरचा कपलर काढावा आणि आतल्या पिना उजेडात नीट न्याहाळाव्यात. आपल्याकडच्या ओलीत पितळी पिनांवर हिरवट थर चढतो, आणि तेवढा थरही क्षीण लहरी अडवायला पुरतो. उंदरांनी कुरतडलेल्या ताराही याच वेळी सापडतात. पिना स्वच्छ असतील, तर चुंबकीय सेन्सरचा विद्युत रोध मल्टीमीटरने मोजावा. तो बहुधा काहीशे ते हजारभर ओहम असतो, मात्र नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्यावा. काही गाड्यांत बाहेरून वीजपुरवठा लागणारा दुसऱ्या प्रकारचा क्रँक सेन्सर, म्हणजे हॉल सेन्सर, असतो; त्याला ही चाचणी लागू पडत नाही. तिथे कपलरवर ५ किंवा १२ व्होल्टचा पुरवठा येतो का, ते पाहावे लागते. तीन तारा दिसल्या म्हणजे हॉल सेन्सरच, असेही गृहीत धरू नये, कारण काही चुंबकीय सेन्सरांची तिसरी तार निव्वळ संरक्षक आवरणाची असते.

सर्वांत चकवा देणारा दोष उष्णतेचा. चोर्ला घाट चढताना तापलेले इंजिन अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने निमूट चालू होते. सेन्सरच्या आतील बारीक तारेचे वेटोळे तापून प्रसरण पावते आणि कुठेतरी संपर्क सुटतो. गॅरेजमध्ये थंड इंजिनावर रोध अगदी बरोबर दिसतो. म्हणून असा सेन्सर इंजिन बंद पडलेल्या अवस्थेत, गरम असतानाच मोजला पाहिजे.

गाडी चालू न होण्यामागे कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, तापमानाचा सेन्सरही असू शकतो; तो तपासणे त्या मानाने सोपे आहे. तो काढून पाण्यात बुडवावा आणि पाणी तापवत रोध पाहावा: अनेक गाड्यांत २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० ओहम असलेला रोध ८० अंशांना ३०० च्या आसपास उतरतो. त्याची तार तुटली, तर ईसीयूला तापमान उणे ४० अंश असल्याचे भासते. पर्यायी मूल्य वापरण्याची सोय नसलेल्या गाडीत मग पेट्रोल जास्त फवारले जाते आणि प्लग ओले होतात.

क्रँक सेन्सर खरोखरच बदलायचा ठरला, तर जुना काढताना त्याच्या चुंबकीय टोकाला लोखंडाचा कीस चिकटला आहे का ते पाहावे; कधी कधी तो पुसून तोच सेन्सर परत बसवला, तरी लहरी पूर्ववत येतात.