राव्हेन्ना

इटलीच्या ईशान्य भागातील एमील्या-रोमान्या प्रदेशातील ऐतिहासिक शहर. प्राचीन ख्रिस्ती कुट्टिमचित्रांसाठी (मोझेइक) ते जगप्रसिद्ध असून तेथील आठ वास्तूंचा १९९६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. ऑगस्टसच्या काळात शेजारच्या क्लासे येथे रोमन आरमाराचा तळ होता. पुढे गाळ साचून किनारा दूर गेला. भोवतालच्या दलदलीमुळे संरक्षणास सोयीचे म्हणून सम्राट होनोरिअसने ४०२ मध्ये पश्चिम रोमन साम्राज्याची राजधानी मिलानहून येथे हलविली. त्यानंतर ऑस्ट्रोगॉथ (पूर्वेकडील गॉथ या जर्मानिक टोळीचा) राजा थिओडोरिक (कार. ४९३–५२६) आणि ५४० ते ७५१ या काळात बायझंटिन (पूर्व रोमन) सत्ता यांचे हे केंद्र होते.

गाला प्लाचीदिया स्मारक : होनोरिअसची सावत्र बहीण गाला प्लाचीदिया हिच्या नावाने ओळखली जाणारी ही क्रुसाकृती वास्तू साधारणपणे पाचव्या शतकाच्या दुसऱ्या चरणातील मानतात. मुळात ती सांता क्रोचे या चर्चच्या दर्शनी ओवरीला जोडलेली होती. येथील दगडी शवपेट्यांपैकी एक तिची असल्याची परंपरा मध्ययुगापासून चालत आली आहे. तथापि तिचा मृत्यू ४५० मध्ये रोममध्ये झाला आणि दफनही बहुधा तेथेच झाले असावे. त्यामुळे ही वास्तू मुळात एखाद्या हुतात्म्याला वाहिलेले प्रार्थनास्थळ असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. हा हुतात्मा कोण, याविषयी मतभेद आहेत. प्रवेशद्वारासमोरील अर्धवर्तुळाकार चित्रात खांद्यावर क्रूस घेतलेला संत पेटलेल्या लोखंडी जाळीकडे निघालेला दिसतो आणि दुसऱ्या बाजूच्या उघड्या कपाटात चार शुभवर्तमाने (बायबलमधील येशूचरित्राचे ग्रंथ) ठेवलेली आहेत. संत लॉरेन्सला तापलेल्या जाळीवर भाजून मारल्याची कथा आहे; त्यामुळे जाळीवरून तो लॉरेन्स असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. लॉरेन्सच्या कथेत ग्रंथांना स्थान नाही, तर स्पेनमधील सारागोसाच्या संत व्हिन्सेंटच्या कथेत ग्रंथ आणि जाळी दोन्ही आहेत, असा आक्षेप घेतला गेला आहे. प्लाचीदियाचे स्पेनमधील वास्तव्य पाहता तो विचारार्ह आहे. मात्र जुने मत सोडून देण्याइतका पुरावा त्यातून मिळत नाही. जमिनीची पातळी वर चढल्याने वास्तूचे प्रमाण मूळच्यापेक्षा ठेंगणे दिसते. खिडक्यांतील अलाबास्टरची (अर्धपारदर्शक दगडाची) तावदाने विसाव्या शतकातील आहेत.

सान व्हिताले : या अष्टकोनी चर्चचे अभिषेचन ५४७ च्या सुमारास बिशप मॅक्सिमिअनने केले. यूलिआनुस आर्जेंतारिअस या धनिकाने त्यासाठी २६,००० सुवर्णनाणी खर्चल्याचे परंपरा सांगते. बायझंटिन सम्राट जस्टिनिअन आणि सम्राज्ञी थिओडोरा कधीही राव्हेन्नात आले नव्हते, तरी गर्भगृहाच्या दोन भिंतींवर त्यांची परिवारासह चित्रे समोरासमोर आहेत. जस्टिनिअनच्या चित्रातील मॅक्सिमिअनचा चेहरा आणि त्यावरील नाव ही आधीच्या बिशपच्या प्रतिमेच्या जागी नंतर बसविली असावीत, असे काचतुकड्यांच्या तपासणीवरून सुचविले गेले आहे. सुवर्णपार्श्वभूमीसाठी काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख ठेवलेले तुकडे वापरत. ते किंचित तिरके बसविल्याने पाहणारा चालू लागला की भिंतीवरील प्रकाशही सरकतो. हा परिणाम छायाचित्रात उमटत नाही. म्हणून ही चित्रे जागेवरच, शक्य तर सकाळी आणि दुपारी अशी दोनदा पाहणे इष्ट.

इतर वास्तू : सांत आपोल्लिनारे नुओव्हो ही थिओडोरिकने बांधविलेली बॅसिलिका (लांबट सभागृहाच्या आकाराचे चर्च). तिच्यातील राजवाड्याच्या चित्रातून गॉथ आकृत्या पुढे काढून टाकण्यात आल्या. पण खांबांवर त्यांचे काही हात आजही दिसतात. शहराबाहेर थिओडोरिकची समाधी असून तिचे छत इस्ट्रियन दगडाच्या एकसंध शिळेचे आहे. ही शिळा कशी चढविली, याची समाधानकारक उकल झालेली नाही. दक्षिणेस सुमारे ५ किमी. वर क्लासे येथील सांत आपोल्लिनारे ही बॅसिलिका आहे. मूळचा फ्लॉरेन्सचा कवी दान्ते १३२१ मध्ये राव्हेन्नात निवर्तला. त्याची सध्याची समाधी १७८०–८१ मधील असून तेथील दिव्यासाठी तेल दरवर्षी फ्लॉरेन्सहून येते.

खाद्यपरंपरा : गव्हाच्या पिठात डुकराची चरबी किंवा ऑलिव्ह तेल घालून तव्यावर भाजलेली पियादीना आणि तिच्याबरोबर स्क्वाक्वेरोने हे मऊ, आंबूस चीज हा येथील रोजचा आहार. मांसाच्या रश्शात शिजविलेले काप्पेल्लेत्ती हे चीज भरलेले पास्त्याचे छोटे गोळे मुख्यतः सणासुदीचे समजले जातात. सांजोव्हेझे ही लाल आणि आल्बाना ही पांढरी वाइन याच परिसरातील द्राक्षांपासून होते.