हृदयशस्त्रक्रियेनंतरचे शीघ्र एक्स्टुबेशन

हृदयशस्त्रक्रियेसाठी भूल देताना श्वासनळीत घातलेली नळी शस्त्रक्रियेनंतर काही तासांतच काढून रुग्णाला स्वतःच्या श्वासावर आणण्याची पद्धत. अतिदक्षता विभागात आल्यापासून सहा तासांच्या आत नळी निघाली, तर सामान्यतः तिला शीघ्र म्हणतात. निवडक रुग्णांची नळी शस्त्रक्रियागृहातच काढतात.

१९७० व १९८०च्या दशकांत हृदयाच्या भुलीत मॉर्फिन आणि पुढे फेंटानिल ही अफूजन्य वेदनाशामके फार मोठ्या मात्रेत देत. त्याने रक्तदाब व नाडी स्थिर राहत. पण श्वसनाची प्रेरणा दीर्घकाळ दबलेली राही आणि रुग्ण दुसऱ्या दिवसापर्यंत व्हेंटिलेटरवर असे. १९९०च्या दशकात कमी मात्रेची वेदनाशामके आणि प्रोपोफॉलसारखी लवकर उतरणारी औषधे वापरात आल्यावर हे चित्र बदलले. म्हणजे नळी लवकर निघणार की नाही, हे बरेचसे भूल देतानाच ठरते.

नळी काढण्याआधी रुग्णाची तयारी खाटेपाशी पाहतात. शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर असताना शरीर बहुधा थंड केलेले असते. ते पुन्हा पुरेसे उबदार व्हावे लागते, कारण हुडहुडी भरली की प्राणवायूची गरज वाढते. छातीतील ड्रेनमधून (साचलेले रक्त बाहेर काढणाऱ्या नळीतून) येणारे रक्त कमी झालेले हवे, रक्तदाब टिकून हवा, स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरलेला हवा. ‘डोळे उघडा, माझा हात दाबा’ म्हटल्यावर रुग्णाने तसे करायला हवे. मग व्हेंटिलेटरचा आधार कमी करून साधारण अर्धा तास त्याला स्वतः श्वास घेऊ देतात आणि धमनीतील रक्ताची वायुतपासणी करतात. सारे ठीक असेल तर तोंडातील व नळीतील स्राव ओढून घेतात, नळीभोवतीचा फुगा रिकामा करतात आणि नळी बाहेर काढून रुग्णाला खोकायला सांगतात.

व्हेंटिलेटर हवा दाबाने आत ढकलतो, त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. नैसर्गिक श्वासात ते सुधारते. नळी जितकी जास्त वेळ राहील, तितका न्यूमोनियाचा धोका वाढतो. कमी ते मध्यम जोखमीच्या रुग्णांत व्हेंटिलेटरचा व अतिदक्षता विभागातील काळ घटतो आणि मृत्युदर वाढत नाही, असे अभ्यासांत दिसले आहे. रुग्णालयातील एकूण मुक्काम मात्र दर वेळी घटतोच असे नाही, आणि हे नातेवाइकांना आधीच सांगणे योग्य.

सहा तासांचा आकडा गाठण्यासाठी घाई करणे चुकीचेच. रक्तस्राव थांबलेला नसेल, शुद्ध नीट आली नसेल किंवा रक्तदाबासाठी जास्त औषधे लागत असतील, तर थांबतात. हृदयाचा डावा कप्पा फारच दुबळा असल्यास दाबाचा आधार निघताच फुप्फुसांत पाणी साचू शकते. पुन्हा नळी घालावी लागणे हे थोडे उशिरा काढण्यापेक्षा कितीतरी घातक.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हृदयशस्त्रक्रियेच्या ‘इरास’ (शस्त्रक्रियेनंतर रुग्ण लवकर सावरावा यासाठीच्या) शिफारशींत शीघ्र एक्स्टुबेशनसोबत अफूजन्य औषधे कमी ठेवणारे वेदनाशमनही आहे. तारांनी बांधलेले छातीचे हाड दुखत असेल, तर रुग्ण खोकला दाबून धरतो आणि कफ साचतो. म्हणून पॅरासिटामॉल, छातीच्या भिंतीतील चेता बधिर करणारे ब्लॉक, खोकताना छातीशी घट्ट धरायला उशी, हे सारे उपचाराचेच भाग ठरतात. नळी निघाल्यावर काही काळ घसा बसलेला असतो. गिळणे तपासून मगच घोटभर पाणी देतात आणि प्रकृती साथ देत असेल तर दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवतात.