रंकाळ्याचं चित्र आणि भेळेची पाटी

परवा कोल्हापूरच्या रंकाळा चौपाटीवरून तळ्यातल्या संध्यामठाचा फोटो काढला आणि फोनमधल्या एका ॲपला त्याचं जलरंगातलं चित्र करायला लावलं. चुटकीसरशी झालं. फटकारे, कागदाचा खरखरीतपणा, कडेला ओघळलेला रंग, सगळं होतं. ओळखीच्या पेंटरकाकांना दाखवलं. काकांची हयात सिनेमाचे बॅनर रंगवण्यात गेली. त्यांनी फोन लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाले, "बरं हाय की. पण ह्यात बघायचं कुठं? मठाएवढीच भेळेची पाटीबी कोरून ठेवलीया."

चूक नेमकी तिथंच होती.

हात लांब करून अंगठा उभा धरा. त्या नखाएवढ्या भागातच आपल्याला लख्ख दिसतं. दृष्टिपटलाच्या मध्याशी फोव्हिआ नावाचा छोटा खळगा असतो आणि बारीक तपशील टिपणाऱ्या शंकूपेशींची दाटी तिथंच असते. बाजूचं सगळं धूसरच. तरी अख्खा रंकाळा स्वच्छ दिसल्यासारखं वाटतं, कारण नजर सेकंदाला तीनेक उड्या मारते आणि मेंदू तुकडे जोडत राहतो. कॅमेऱ्याला फोव्हिआ नाही. त्याला पाटी काय आणि मठ काय, सारखेच.

काकांच्या डोळे बारीक करण्यातही विज्ञान आहे. तसं केलं की बारकावे गळतात आणि उजेड-सावलीचे मोठे ठोकळे उरतात. बॅनरवर आधी हेच ठोकळे भरायचे. साधारण २० मीटरवरून बघताना ६ मिलिमीटरपेक्षा बारीक काम निरोगी डोळ्यालाही सुटं दिसत नाही. म्हणून जवळून नुसते डाग वाटणारा नायकाचा गाल रस्त्यापलीकडून गुळगुळीत दिसायचा.

संगणकशास्त्रज्ञ आरॉन हर्ट्झमन यांनी १९९८ मध्ये संगणकाला जवळपास हीच रीत शिकवली. फोटो धूसर करायचा, जाड ब्रशने भरायचा आणि मग जिथं मूळ फोटोशी फरक जास्त उरतो तिथंच क्रमाक्रमाने बारीक ब्रश चालवायचा. फोटोचं पेन्सिलचित्र करायची युक्ती तर थेट डोळ्यातलीच म्हणावी अशी. दृष्टिपटलात १२ कोटींच्या आसपास प्रकाश टिपणाऱ्या पेशी, पण मेंदूकडे जाणारे तंतू जेमतेम १० लाख. सगळं पाठवणं परवडत नाही, म्हणून मधला उजेड आणि भोवतालचा उजेड यांतला फरक पाठवला जातो. संगणक एकाच फोटोच्या दोन प्रती करतो, एक थोडी धूसर, दुसरी जास्त. एकीतून दुसरी वजा केली की रेषा हाती लागतात.

पण पाटीचे बारकावे सोडून द्यायचे, हे त्याला कोण सांगणार? डग डीकार्लो आणि अँथनी सँटेला या संगणक संशोधकांनी २००२ मध्ये यावर सरळ उपाय काढला: माणसालाच विचारायचं, तेही न बोलता. फोटो समोर ठेवून काही सेकंद नजरेचा माग घेतला. नजर जिथं रेंगाळली तिथले बारकावे ठेवले, बाकीच्या भागाचे सपाट रंगीत तुकडे केले. मला हा प्रयोग फार आवडतो. हात यंत्राचा, डोळा मात्र माणसाचा.

माणूस मध्ये न घेता नजरेचा अंदाज बांधणारी गणितंही आहेत. भडक रंग, उजेडातला ठळक फरक, वेगळ्या दिशेच्या कडा जिथं असतील तिथं नजर जाईल, असं ती धरतात. म्हणजे लाल-पिवळी भेळेची पाटीच पहिली येणार! शिवाय नजर हेतूप्रमाणे बदलते. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले, तर प्रत्येक वेळी बघणाऱ्याच्या नजरेची वाट वेगळी निघाली.

हे काकांना सांगितलं. त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाले, "मग त्या यंत्राला भूक लागली असंल. चल, भेळ खाऊया."