गहाळ आउटपुट (शेल कमांडचे)

डेस्कटॉप प्रोग्रॅमने शेल कमांड (संगणकाला ओळ लिहून दिलेली आज्ञा) चालवली, पण तिचे आउटपुट खिडकीत उमटलेच नाही, असा बिघाड. नाव थोडे फसवे आहे. आउटपुट सहसा हरवलेले नसते. दुसऱ्या वाटेने गेलेले किंवा वाटेत अडकलेले असते.

युनिक्स वळणाच्या प्रणालींत प्रत्येक कमांडला सुरुवातीला तीन वाटा मिळतात : इनपुट (०), आउटपुट (१) आणि एरर (२). टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, १ आणि २ एकाच पडद्यावर येतात, म्हणून फरक जाणवत नाही. रत्नागिरीच्या एखाद्या आंबा बागायतदाराकडे दलालांच्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब) जुळवणारा प्रोग्रॅम आहे आणि तो फक्त १ वाचतो, असे समजा. फाइल सापडली नाही तर तक्रार २ वरून जाते, खिडकी कोरी राहते, आणि बागायतदाराला वाटते की एकही पट्टी जुळली नाही. म्हणून पहिल्यांदा २ पाहावी, मग एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना मागे ठेवते तो आकडा. ० म्हणजे ठीक. १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही. १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही. १२७ बहुधा पाथमुळे (कमांड जिथे शोधायच्या त्या फोल्डरांच्या यादीमुळे) येतो, कारण आयकॉनवरून उघडलेल्या प्रोग्रॅमला टर्मिनलमधला पाथ मिळेलच असे नाही.

आउटपुट येते पण फार उशिरा, हा प्रकार बफरचा, म्हणजे पाठवण्याआधी आउटपुट साठवणाऱ्या जागेचा. खाडीवरचा तरीवाला होडी भरल्याशिवाय सोडत नाही, तसेच हे. सी भाषेची मानक लायब्ररी समोर टर्मिनल दिसले तर ओळ पुरी होताच पाठवते. पाइप (एका प्रोग्रॅमचे आउटपुट दुसऱ्याकडे नेणारी नळी) दिसला तर काही हजार बाइट साठेपर्यंत थांबते. पायथन ही भाषाही तसेच वागते; त्याला ‘यू’ हा पर्याय दिला की थांबणे बंद होते. सीमधल्या अनेक कमांडना स्टडबफ (बफरची पद्धत बदलणारी कमांड) लागू पडते, सगळ्यांना नाही. मधेच कमांड सक्तीने मारली तर मात्र होडीतले आउटपुट खरोखर बुडते.

उलटा घोळही होतो. लिनक्समध्ये पाइपची क्षमता सामान्यतः ६५,५३६ बाइट असते. प्रोग्रॅम पाइप न वाचता कमांड संपण्याची वाट पाहत बसला आणि पाइप भरला, तर कमांड जागा होण्यासाठी थांबते, प्रोग्रॅम कमांडसाठी. दोघेही गप्प.

पायथनमधून कमांड चालवणारे ‘ओएस डॉट सिस्टिम’ आउटपुट हाती देतच नाही, फक्त स्थिती सांगते. आउटपुट हवे तर पायथनचेच ‘सबप्रोसेस’ मॉड्यूल वापरावे.

मराठी नावे छापणाऱ्यांना विंडोजवर एक खास अडचण भेटते. पायथन ३.६ पासून कन्सोलवर (विंडोजच्या टर्मिनलवर) ‘देवगड’ छापताना स्क्रिप्ट कोसळत नाही. तीच स्क्रिप्ट पाइपमधून चालवली की अनेक आवृत्त्या यंत्राचे जुने कोडपेज (अक्षरांना आकडे देणारा तक्ता) धरतात, त्यात देवनागरी बसत नाही आणि स्क्रिप्ट पहिल्याच गावाच्या नावावर कोसळते. तिची तक्रार जाते २ वरून, म्हणजे जिकडे कोणी पाहत नसते तिकडेच. पायथन ३.७ पासूनचा यूटीएफ-८ (सर्व लिप्या सामावणारी अक्षरपद्धत) मोड चालू करावा आणि वाचणाऱ्या बाजूलाही यूटीएफ-८ सांगावे. एकीकडेच सांगितले तर देवगडच्या जागी भलतीच अक्षरे येतात.