गोचिडाचं औषध आणि मांजराचं यकृत

पोळा जवळ आला की मराठवाड्यात बैलांच्या अंगावरचे गोचीड काढायची घाई सुरू होते. बाटली येते, बादलीभर पाण्यात औषध मिसळलं जातं, बैलाच्या, गाईच्या, म्हशीच्या अंगावरून ओलं फडकं फिरतं. बादलीच्या तळाशी थोडं उरतं. तेवढ्यात ओसरीवर मान खाजवत बसलेलं मांजर दिसतं आणि कुणीतरी म्हणतं, "ह्याच्याबी अंगावर लई पिसवा झाल्यात, लाव की उरलेलं." रात्रीपर्यंत मांजराचे कान फडफडू लागतात, कातडी थरथरते, पाय ताठ होतात. सकाळी ते मेलेलं असतं आणि "पान लागलं असंल" म्हणून विषय मिटतो.

साप दर वेळी नसतो. गोचिडांच्या बऱ्याच औषधांत सायपरमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असतं. कपाशीवर, तुरीवर फवारायच्या औषधांतही हीच रसायनं सापडतात. एवढ्या मोठ्या बैलाला जे सोसलं, त्याचा चमचाभर अंश मांजराला का सोसणार नाही, हा हिशोब वरवर बरोबर वाटतो. तो का चुकतो याचं उत्तर मांजराच्या एका मोडलेल्या जनुकात आहे. पण आधी मांजराची खाज ओळखायची कशी ते पाहू, कारण गडबडीची सुरुवात तिथेच होते.

कुत्र्याला खाज सुटली की ते पाय आपटत खाजवतं, सगळ्या घराला कळतं. मांजर खाजवतं त्यापेक्षा जास्त चाटतं, आणि मांजराचं चाटणं आपण स्वच्छता म्हणून सोडून देतो. त्याच्या जिभेवर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात, आपल्या नखांच्याच केराटिनचे. अमेरिकेतल्या जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधल्या अलेक्सिस नोएल आणि डेव्हिड हू यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं की या काट्यांची टोकं पोकळ असतात. तोंडातली लाळ त्या पोकळीत ओढली जाते आणि केसांच्या मुळाशी, थेट कातडीवर सोडली जाते. निरोगी मांजर जागेपणीचा जवळपास पाव वेळ या कामात घालवतं. खाज सुटली की हीच जीभ तासन्तास एकाच जागी चालते आणि केस मधूनच तुटतात. पोटाखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला, कमरेवर टक्कल दिसू लागतं. कातडी लाल झालेली नसते, जखमही नसते. मग "केस झडतायत, अशक्तपणा असेल" म्हणून दूध वाढवलं जातं. पशुवैद्य असे चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. टोक निमुळतं असेल तर केस आपोआप गळतायत. टोक तुटकं, फाटलेलं असेल तर मांजर ते चाटून तोडतंय, म्हणजे खाज आहे.

दुसरी खूण हाताला लागते. पाठीवरून उलट्या दिशेने बोटं फिरवा. केसांत बाजरीच्या दाण्याएवढ्या खपल्या लागल्या, विशेषतः शेपटीच्या मुळाशी आणि मानेभोवती, तर बहुतेक वेळा पिसवांची ॲलर्जी असते. पिसू दिसलीच पाहिजे असं नाही. चाटता चाटता मांजर पिसवा गिळून टाकतं, त्यामुळे "आमच्या मांजराच्या अंगावर एकबी पिसू नाही" हे वाक्य खरं असूनही खाज पिसवांचीच असू शकते. खात्री करायला उवांची बारीक फणी घ्या, शेपटीच्या मुळाशी दोन-चार वेळा फिरवा आणि फणीतली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर झटका. माती असेल तर काळीच राहील. पिसवांची विष्ठा असेल तर मिनिटाभरात कणीभोवती तांबूस डाग पसरतो. ते मांजराचंच, पिसूच्या पोटातून गेलेलं रक्त.

बाकीचे आजारही लक्षात असावेत. कानात काळपट भुगा आणि सतत डोकं झटकणं म्हणजे कानातले माइट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे बारीक किडे. कानांच्या कडांवर आणि चेहऱ्यावर जाड करड्या खपल्या म्हणजे खरूज. गोल टक्कल, कडेला कोंडा, खाज फारशी नाही, आणि घरातल्या लेकराच्या हातावरही तसंच चक्र उठलेलं, म्हणजे गजकर्ण. हा बुरशीचा रोग मांजराकडून माणसाला होतो, तेव्हा दोघांवरही उपचार करावे लागतात. हे सगळं दवाखान्यात तपासूनच ठरतं.

खरुजेवरून एक सांगितलं पाहिजे. खाजरं मांजर घराला दारिद्र्य आणतं म्हणून त्याला पोत्यात घालून शिवेबाहेर सोडून येणारी माणसं आजही आहेत. खरूज आठ पायांच्या सूक्ष्म किड्यामुळे होते. मांजरासाठी बनवलेल्या योग्य औषधाने ती काही आठवड्यांत जाते. त्या मुक्या जिवाचा दोष नसतो, आणि घराच्या नशिबाशी तिचा काडीचाही संबंध नाही.

आता बादलीकडे वळू.

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन आणि परमेथ्रिन या एकाच घराण्यातल्या रसायनांना पायरेथ्रॉइड म्हणतात. १९७०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड संशोधन केंद्रात मायकेल इलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. मज्जातंतूतून संदेश जातो तेव्हा पेशीच्या आवरणातली सोडियमची दारं क्षणभर उघडतात आणि लगेच मिटतात. पायरेथ्रॉइड त्या दारांना मिटू देत नाही. एकदा गेलेला संदेश पुन्हा पुन्हा जात राहतो, स्नायू थरथरतात, पुढे झटके येतात. पिसू, गोचीड, बोंडअळी यांच्यावर हेच होतं. बैलाच्या आणि कुत्र्याच्या शरीरातही ही दारं असतात, पण रसायन तिथे पुरेशा प्रमाणात पोचण्याआधीच यकृत त्याची विल्हेवाट लावतं.

ही विल्हेवाट कशी लागते ते पाहण्याजोगं आहे. अशी रसायनं तेलात विरघळणारी असतात, आणि लघवी म्हणजे बहुतांशी पाणी, त्यामुळे मूत्रपिंडाला ती तशीच बाहेर टाकता येत नाहीत. यकृत त्यांना दोन टप्प्यांत पाण्यात विरघळणारं रूप देतं. पहिल्या टप्प्यात विकरं (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं) रेणू तोडतात किंवा त्याला ऑक्सिजन जोडतात, त्यामुळे रेणूवर पुढची जोडणी करायला जागा तयार होते. दुसऱ्या टप्प्यात त्या जागी ग्लुकुरॉनिक आम्ल चिकटवलं जातं. हे आम्ल ग्लुकोजपासूनच बनतं आणि पाण्यात सहज विरघळतं. ते चिकटलं की तेलकट रेणू पाण्यासोबत वाहून जायला तयार होतो. या जोडणीला ग्लुकुरोनिडेशन म्हणतात. ती करणाऱ्या विकरांचं मोठं कुटुंब आहे, त्याचं आखूड नाव यूजीटी. त्यातला प्रत्येक सदस्य वेगळ्या आकाराचे रेणू हाताळतो. लहान, सपाट, फिनॉलच्या जातीचे (कार्बनच्या कड्याला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी लागलेले) रेणू मुख्यतः यूजीटी-१ए-६ या विकराकडे जातात.

मांजरात हे विकर बनतच नाही. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातले मायकेल कोर्ट आणि डेव्हिड ग्रीनब्लाट मांजराला पॅरासिटामॉल का सोसत नाही याचा शोध घेत होते. २००० साली त्यांनी त्याचं जनुकीय कारण मांडलं. यूजीटी-१ए-६ चं जनुक मांजराच्या गुणसूत्रावर जागेवर आहे, पण त्यातली काही अक्षरं गळालेली आहेत. जनुक तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचलं जातं. अक्षरं गळाली की पुढचे सगळे गट सरकतात आणि भलत्याच ठिकाणी 'इथे थांबा' असा अर्थ असलेला गट तयार होतो. त्यावरून बनणारं प्रथिन, म्हणजेच हे विकर, अर्ध्यातच तुटतं. असं नुसतं नावाला उरलेलं जनुक म्हणजे छद्मजनुक.

कोर्ट यांच्या गटाने पुढे २०११ मध्ये मार्जारकुळातल्या इतर प्राण्यांचं हे जनुक तपासलं. सिंह, चित्ता, बिबट्या, सगळ्यांत तेच मोडलेलं जनुक निघालं. म्हणजे बिघाड पाळीव मांजरात झालेला नाही, तो या सगळ्यांच्या समान पूर्वजात झाला, साधारण साडेतीन कोटी ते एक कोटी दहा लाख वर्षांपूर्वीच्या काळात कधीतरी. औट्रम घाटातल्या, गौताळ्याच्या जंगलातल्या बिबट्याने आणि आपल्या ओसरीवरच्या मांजराने ही उणीव एकाच पणजोबाकडून घेतली आहे. आणखी विलक्षण गोष्ट अशी की दक्षिण आफ्रिकेतला तपकिरी तरस आणि उत्तर पॅसिफिकमधला हत्ती-सील यांच्यातही हेच जनुक स्वतंत्रपणे बिघडलेलं आढळलं. तिघांत समान काय, तर तिघंही जवळजवळ फक्त मांसावर जगतात. फिनॉलच्या जातीची संयुगं प्रामुख्याने वनस्पतींत असतात. पाला, साल, फळं खाणाऱ्या प्राण्याचं हे विकर बिघडलं तर तो टिकत नाही, म्हणून बिघडलेलं जनुक पुढच्या पिढीत जात नाही. नुसतं मांस खाणाऱ्याला त्याची गरजच पडत नाही, बिघाड झाला तरी काही अडत नाही, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या साचत जातो. कडबा चघळणारा बैल आणि उंदीर मारणारं मांजर यांच्या यकृतांत हा इतक्या जुन्या काळापासूनचा फरक आहे.

पायरेथ्रॉइडचे तुकडे झाल्यावर जे रेणू उरतात, त्यांची विल्हेवाट लावताना मांजराचं यकृत रेंगाळतं. मांजरावर या विषाचा परिणाम एवढा तीव्र आणि लांबलचक होण्यामागे ग्लुकुरोनिडेशनची हीच उणीव आहे असं मानलं जातं. त्यात जिभेची भर पडते. बैल अंगावरचं औषध अंगावरच ठेवतो, मांजर ते पुढचे चार तास चाटून पोटात घेतं.

पॅरासिटामॉलचं कारण तर थेट हेच विकर आहे. ताप आल्यासारखं वाटतं म्हणून मांजराला माणसाची पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी दिली तरी ते दगावू शकतं. रक्तातला हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून न्यायला निकामी होतो, हिरड्या तपकिरी पडतात. फिनाईल आणि जखमा धुवायची फिनॉलवर्गीय जंतुनाशकं याच यादीत येतात. खरजेसाठी मेडिकलमध्ये मिळणारं बेन्झिल बेन्झोएट आणि गोचिडांवरचं अमिट्राझ यांच्या विषबाधेचा मार्ग वेगळा आहे, पण तीही मांजराला घातकच.

समाजमाध्यमांवर "नैसर्गिक उपाय, शंभर टक्के सुरक्षित" अशा व्हिडिओंचा पूर आला आहे. कापूर घातलेलं खोबरेल, कडुनिंबाचं तेल, टी ट्री ऑइल मांजराच्या अंगाला चोळा म्हणतात. तिन्हींमुळे मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि मुळात पायरेथ्रॉइडचा नमुनाच फुलातून आलेला आहे. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रम नावाच्या फुलात निघणाऱ्या कीटकनाशकाची नक्कल करून ही रसायनं बनवली गेली. झाडपाल्यातलं विष झाडाने किड्यांना आणि जनावरांना रोखण्यासाठीच बनवलेलं असतं. ते पचवायची सोय नेमकी मांजराकडे नाही.

मग पिसवांचं करायचं काय? अंगावर दिसतात त्या एकूण पिसवांच्या जेमतेम पाच टक्के. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते. ती गुळगुळीत असल्याने मांजर बसेल तिथे गळून पडतात. अळ्या उजेड टाळतात, वाकळीच्या घडीत, धान्याच्या पोत्यांखाली, मातीच्या जमिनीच्या भेगांत शिरतात आणि मोठ्या पिसवांची वाळलेली, रक्ताची विष्ठा खाऊन वाढतात. त्यांना दमट हवा लागते. मे महिन्यातल्या उघड्या उन्हात त्या तगत नाहीत, पावसाळ्यात मात्र तीन-चार आठवड्यांत नवी पिढी तयार होते. म्हणून श्रावण-भाद्रपदात खाज वाढते. कोशातली पिसू तर महिनोन्‌महिने वाट पाहते आणि पावलांचा हादरा किंवा श्वासाची ऊब जाणवली की बाहेर येते. सोयाबीनच्या थप्पीची खोली उघडल्यावर पायांना पिसवा चढतात त्या अशा.

म्हणून औषध मांजरावर आणि जागेवर, दोन्हीकडे हवं. मांजर निजतं ती वाकळ, पोतं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा, भेगा लिंपून घ्या, कोपरे रोज झाडा. मांजरासाठी फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असलेले, मांजराचं चित्र आणि वजन छापलेले थेंब पशुवैद्याच्या सल्ल्याने आणा. कुत्र्याच्या थेंबांत परमेथ्रिन असू शकतं, ते चुकूनही नको. वजन करायला मांजर कुशीत घेऊन काट्यावर उभं राहा आणि मग आपलं वजन वजा करा. थेंब मानेच्या मागे, केस बाजूला करून कातडीवर टाका, तिथे जीभ पोचत नाही. घरातल्या सगळ्या मांजरांना आणि कुत्र्यालाही, ज्याला त्याचं औषध, एकाच दिवशी. महिन्याने पुन्हा, आणि निदान तीन महिने, कारण कोशातल्या पिसवा औषधातून वाचून मागाहून निघत राहतात. पिल्लं फारच लहान असतील तर औषध न घालता फणीनेच पिसवा काढा. पिल्लाच्या हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर पिसवांनी रक्त प्यायलंय असं समजून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि गोचिडाचं औषध मांजराला लागलंच, तर थरथर सुरू व्हायची वाट पाहू नका. भांडी घासायच्या पातळ साबणाने, कोमट पाण्याने अंग धुवा. गरम पाण्याने कातडीत औषध जास्त शिरतं, गार पाण्याने मांजराचं अंग थंड पडतं आणि पायरेथ्रॉइडचा मज्जातंतूंवरचा परिणाम थंडीत वाढतो. धुतल्यावर टॉवेलात गुंडाळून ठेवा म्हणजे ते चाटणार नाही. झटके येणाऱ्या मांजराच्या तोंडात दूध, तूप, मिठाचं पाणी काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. या विषावर उतारा नाही, पण थरथर थांबवणारी औषधं आहेत आणि वेळेत मिळाली तर बहुतेक मांजरं दोन-तीन दिवसांत सावरतात. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जा, किंवा परभणी, उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर तिथे. जाताना औषधाची बाटली सोबत घ्या. डॉक्टरांना सगळ्यात आधी तिच्यावरचं रसायनाचं नाव लागतं.