तिथीची पाऊणपट आणि मुंबईची भरती

भरतीची वेळ काढण्याची एक जुनी तोंडी रीत कोकण किनाऱ्यावर आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत चालत आली आहे. तिथीला पाऊणने गुणावे. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ असली की पुरे.

चंद्र सूर्याच्या तुलनेत रोज थोडा मागे पडतो आणि एका चांद्रमासात, म्हणजे ३० तिथींत, ही पिछाडी पूर्ण २४ तासांची होते. त्यामुळे भरती दर तिथीला सरासरी ०.८ तास, म्हणजे ४८ मिनिटे, पुढे सरकते. पाऊणकीत ती ४५ मिनिटेच धरलेली असते. रोजची तीन मिनिटांची तूट साचत जाऊन पौर्णिमेला पाऊण तासाची होते: पाऊणकी सव्वाअकरा सांगते, ०.८ चा गुणक बारा. होडी पाण्यात लोटायची असेल, तर तोंडी करता येणारा हा ढोबळ हिशेबच अधिक कामाचा, असे मला वाटते. मात्र पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास येणे हा मुंबईच्या किनाऱ्यापुरता योगायोग आहे. खंभातच्या आखातात जसजसे आत जावे, तसतशी ती उशिरा पोहोचते आणि हिशेबात काही तास वाढवावे लागतात.

पाणी किती चढेल, हे मात्र पाऊणकी सांगत नाही. चंद्रामुळे उठणारी मुख्य लाट १२ तास २५ मिनिटांनी आणि सूर्यामुळे उठणारी बरोबर १२ तासांनी परतते. या दोन्ही लाटा सुमारे पावणेपंधरा दिवसांनी एकमेकींशी जुळतात तेव्हा उधाण येते, आणि एकमेकींविरुद्ध जातात तेव्हा भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. चंद्राच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे व इतर कारणांनी त्यांत आणखी अनेक लहान लाटा मिसळतात. गुंतागुंतीची आवर्ती हालचाल साध्या लाटांच्या बेरजेत मोडता येते, हे फ्रेंच गणिती फूर्ये यांचे गणित ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी एकोणिसाव्या शतकात भरतीला लावले आणि ती बेरीज दातेरी चाकांवर व कप्प्यांवर करणारे यंत्रही घडवले. भारतीय बंदरांसाठीही लंडनमध्ये असे यंत्र बनवण्यात आले होते.

आज हीच बेरीज संगणक करतो, आणि साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस मुंबईकरांना पावसाळ्यापूर्वीच कळतात. अशा वेळी पर्जन्यजलवाहिन्यांची समुद्राकडील तोंडे पाण्याखाली जातात आणि शहरातले पाणी उतारावरूनही बाहेर पडत नाही. २६ जुलै २००५ हा पौर्णिमेनंतरचा पाचवा दिवस होता. पाच गुणिले ०.८ म्हणजे चार, आणि त्या दुपारी भरतीही चारच्याच सुमारास होती. सांताक्रूझला २४ तासांत पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस मात्र कोणत्याही पाढ्यात बसणारा नव्हता, कारण भरतीप्रमाणे पावसाला ठरलेली आवर्तने नसतात. त्याचा अंदाज शक्यतेच्या भाषेत आणि फार तर काही दिवस आधी करता येतो.