हे हाड कुणाचं?

जमीन खणताना एखादा गुळगुळीत, टोकदार, पिवळसर तुकडा हाती लागला की इंटरनेटवर ठरलेला सल्ला मिळतो: सुई तापवून टोचा. कृपा करून असं करू नका! त्यातून फार तर तुकडा प्लॅस्टिकचा आहे की नाही एवढंच कळेल. जळक्या केसांसारखा वास हाडालाही येतो आणि शिंगालाही. डाग मात्र कायमचा राहतो.

आधी भिंगातून तुटलेली कड पाहा. पायाच्या लांब हाडात मज्जेची पोकळी असते. सांबर-चितळांच्या फांद्या फुटलेल्या शिंगात ती नसते. बाहेर घट्ट थर आणि आत स्पंजासारखी जाळी. गाई-म्हशींचं शिंग याहून वेगळं. त्याचं आवरण केराटिनचं, म्हणजे आपल्या नखांच्याच प्रथिनाचं.

पण घासूनपुसून सुई किंवा कंगवा घडवला की या खुणा बऱ्याचदा पुसल्या जातात, आणि प्राणी कोणता हे तर भिंग सांगतच नाही. ते सांगतं कोलॅजन. हाडातलं हे मुख्य प्रथिन म्हणजे एकमेकींभोवती पिळलेल्या तीन साखळ्या. साखळीची प्रत्येक कडी म्हणजे एक अमिनो आम्ल, आणि दर तिसरी कडी ग्लायसिन. उरलेल्या जागांवर प्राण्यागणिक थोडे बदल होतात. ट्रिप्सिन हे विकर (एन्झाइम) साखळी फक्त लायसिन आणि आर्जिनिन या दोन अमिनो आम्लांपाशी कापतं, त्यामुळे तुकडे दर वेळी ठरलेल्या जागीच पडतात. लेझरच्या झोताने त्यांना विद्युतभारित करून निर्वात नळीतून सोडलं की हलके आधी पोचतात, जड मागाहून. त्या वेळेवरून वस्तुमान काढता येतं. साखळीतल्या एका ठरावीक तुकड्याचं वस्तुमान मेंढीत 3033 डाल्टन (रेणूंचं वस्तुमान मोजायचं एकक), तर शेळीत 3093! या दोघींची हाडं नुसत्या नजरेने ओळखताना तज्ज्ञही अडखळतात. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतल्या दोन हजारांहून अधिक ओळख न पटणाऱ्या तुकड्यांतून मानवकुळातलं एक हाड याच पद्धतीने वेगळं निघालं. 2018 मध्ये त्याच्या डीएनएवरून कळलं की आई निअँडरथल होती आणि वडील डेनिसोवन, म्हणजे दोघं मानवकुळाच्या दोन वेगळ्या, आता नामशेष झालेल्या शाखांतले.

चीनमध्ये जुनी हाडं ‘ड्रॅगनची’ म्हणून कुटून औषधात घालत. तीन हजार वर्षांपूर्वीचे लेख कोरलेली हाडंही त्यात गेली. ती लिपी 1899 च्या सुमारास अभ्यासकांच्या ध्यानात आली. ड्रॅगनचं हाड कधीच नव्हतं, पण पुसला गेलेला इतिहास खरा होता.

कोलॅजनलाही मर्यादा आहे. एकाच हरणाचं हाड आणि शिंग यांत ते सारखंच, म्हणून भिंग लागतंच. आणि सापडलेला तुकडा सरसाने चिकटवू नका. सरस जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजनचाच बनतो. मग यंत्र त्या जनावराचंही नाव सांगेल.